आउटबोर्ड इंजिनाचा जाम झालेला ट्रिम-टिल्ट सिलिंडर मोकळा कसा करावा

बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावलेले आउटबोर्ड इंजिन तेलाच्या दाबावर चालणारा ट्रिम-टिल्ट सिलिंडर वर-खाली करतो. दोन-तीन वर्षे न वापरता उभ्या असलेल्या बोटीचे इंजिन वर उचलण्यासाठी बटण दाबले, की पुष्कळदा एकच प्रकार घडतो. पंपाची मोटर गुरगुरते, तिचा आवाज ताण पडल्यासारखा जड होतो आणि इंजिन मात्र जागचे हलत नाही. अशा वेळी सिलिंडर जाम झाला असे गृहीत धरून लगेच हातोडा हाती घेणारेच अधिक असतात. प्रत्यक्षात अडकलेली वस्तू सिलिंडरचा पिस्टन असू शकते, सिलिंडरला इंजिनाशी जोडणारी पिन असू शकते, इंजिन ज्या आडव्या नळीभोवती फिरते ती नळी असू शकते, किंवा काहीच अडकलेले नसून फक्त पंप अथवा त्याचा व्हॉल्व्ह निकामी झालेला असू शकतो. या चारही दोषांवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चांगला भाग हकनाक मोडतो. म्हणून नेमके काय अडकले आहे हे ठरवण्यात गेलेला तास वाया गेला असे समजू नये.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि इंजिनाचे वजन साखळी-कप्पीवर अथवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर पेलून धरावे. शंभर अश्वशक्तीच्या आसपासचे आउटबोर्ड इंजिन दीडशे किलोंहून अधिक वजनाचे असते, आणि सिलिंडर सुटल्यावर ते अडवायला काही उरत नाही. इंजिनावरच असलेला आधाराचा खटका उभ्या बोटीपुरता ठीक आहे, पण त्याच्या भरवशावर खाली हात घालून काम करू नये.

आता तपासणी. इंजिनाच्या पकडीच्या (इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बाजूच्या भोकातून एक मोठा स्क्रू दिसतो, तो हाताने उचलण्यासाठी दिलेला रिलीज व्हॉल्व्ह होय. तो डावीकडे साधारण तीन-चार फेरे सैल केला, की पिस्टनच्या दोन्ही बाजूंचे तेल पंपाला वळसा घालून इकडून तिकडे जाऊ शकते आणि दोन माणसांना किंवा कप्पीला इंजिन सावकाश वर नेता येते. स्क्रूची खाच खराब होऊ नये म्हणून तिच्यात घट्ट बसणाराच स्क्रू-ड्रायव्हर वापरावा आणि स्क्रू पूर्ण बाहेर काढू नये. इंजिन संथ, एकसारखा विरोध करत वर आले तर सिलिंडर निर्दोष आहे; शोध पंप, रिले, वायरी आणि बॅटरी यांच्याकडे वळवावा. ते तसूभरही हलले नाही, तर सिलिंडरच्या दांड्याची वरची पिन काढून पुन्हा प्रयत्न करावा. आता इंजिन हलले तर दोष सिलिंडरमध्ये आहे. तरीही हलले नाही तर फिरण्याची नळी अडकली आहे आणि सिलिंडरला त्रास देण्याचे कारण नाही. अडचण एवढीच, की ही वरची पिनच पुष्कळदा सर्वांत आधी अडकलेली असते, म्हणून खरे काम बहुधा तिच्यापासूनच सुरू होते.

पांढरी भुकटी

पिन स्टेनलेस स्टीलची, तिचे घर अ‍ॅल्युमिनियमचे आणि दोहोंमध्ये खारे पाणी, अशी ही रचना आहे. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की एक प्रकारची बॅटरीच तयार होते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची जी पांढरी भुकटी बनते, ती मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा व्यापते. पिन आणि भोक यांच्यामध्ये मुळात मिलिमीटरचा अगदी लहानसा अंश इतकीच फट असते. तेथे ही भुकटी भरली की पाचर ठोकल्याप्रमाणे पिन आवळली जाते. लोखंडाचा गंज निदान ठिसूळ असतो आणि ठोक्यांनी सुटतो, ही भुकटी मात्र दाबली की आणखी घट्ट बसते. त्यामुळे येथे धातू ओढून काढायचा नसून भुकटीला बाहेर यायला वाट करून द्यायची आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची प्रत्येक पायरी आपोआप समजते.

पहिली पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे गोड्या कोमट पाण्याने धुणे. गंज सोडवणारे तेल मीठ विरघळवत नाही, पाणी विरघळवते; आधीच तेल मारले तर मिठापर्यंत पाणी पोहोचण्याची वाट आपणच बंद करतो. म्हणून बाहेर दिसणारी भुकटी लाकडी काडीने किंवा पितळी ब्रशने खरवडावी, जोड दिवसभरात तीन-चार वेळा कोमट पाण्याने भिजवावा, मग पूर्ण वाळू द्यावा आणि त्यानंतरच आत झिरपणारे तेल सोडावे. हे तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडत राहावे. प्रत्येक वेळी पिनेभोवतीच्या घरावर लहान हातोडीने हलके, भराभर ठोके द्यावेत. ठोक्यांचा उद्देश पिन हलवणे हा नसून तेलासाठी बारीक भेगा पाडणे हा आहे, त्यामुळे जोर लावण्याची गरज नाही.

पिनेच्या टोकावर थेट मोठा हातोडा मारणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. टोक पसरते, भोकापेक्षा मोठे होते, आणि मग पिन मोकळी झाली तरी त्या भोकातून जात नाही. ठोकायचेच असेल तर पिनेपेक्षा थोड्या कमी व्यासाचा पितळी सुंभा (ठोकण्याचा गज) मध्ये धरावा. पिनेला षट्कोनी डोके असेल तर ठोकण्याआधी ती जागच्या जागी फिरवून पाहावी, कारण पुढे-मागे पाव फेरा फिरण्याने भुकटी दळली जाते आणि तेलाबरोबर राखाडी लगद्याच्या रूपाने बाहेर येऊ लागते. तो लगदा दिसला की काम जमले म्हणून समजावे. त्या क्षणी घाई न करता तेल घालत पुढे-मागे फिरवत राहावे.

तेवढ्यानेही काही झाले नाही तर उष्णता. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे भोक १०० अंशांनी तापवले तर ते जवळजवळ ०.०४६ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आवळलेली भुकटी सोडवायला तो पुष्कळ आहे. मात्र पिनही तेवढीच तापली तर स्टेनलेस स्टील स्वतः ०.०३४ मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि कमाईचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग बुडतो. म्हणून उष्णता भोवतालच्या अ‍ॅल्युमिनियमला, भराभर आणि सर्व बाजूंनी द्यावी, आणि त्याच वेळी पिनेच्या टोकावर बर्फाचा तुकडा धरावा. हे काम हीट गनने करणे उत्तम. ज्योत वापरणाऱ्याने हे विसरू नये, की अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. ते शुद्ध असेल तर ६६० अंशांना आणि ओतीव मिश्रधातूचे असेल तर त्याहून कमी तापमानालाच वितळते. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडून उडून गेला की तेवढी उष्णता पुरे. तापवण्यापूर्वी झिरपणारे तेल पुसून काढावे, ते ज्वलनशील असते. अ‍ॅसिटोन मिसळलेले घरगुती मिश्रण वापरले असेल तर ज्योत त्या दिवशी पेटवूच नये. जोडाच्या आत प्लॅस्टिकची बुश असते हेही ध्यानात घ्यावे, तापवल्यावर ती बहुधा बदलावी लागते. आणि तेल भरलेला, दोन्ही तोंडे बंद असलेला सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत तापवू नये, कारण आतले तेल फुगून तो फुटू शकतो.

अडकलेला पिस्टन

सिलिंडर बाहेर काढताना नळ्यांची तोंडे लगेच बुचांनी बंद करावीत, कोणती नळी कोठे होती याचे छायाचित्र घ्यावे आणि तेल परातीत धरावे. ते पाण्यात सांडू देऊ नये. जोड सोडवताना डोळ्यांवर चष्मा असावा. दाबाखालची बारीक गळती बोटाने चाचपून पाहण्याची सवय फार वाईट आहे, कारण दाबाने सुटलेली तेलाची धार कातडीखाली शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. काही इंजिनांवर तेलाच्या सिलिंडरशेजारी वायू भरलेला डॅम्परही असतो. तो उघडण्याची वस्तू नव्हे, बिघडला तर सबंधच बदलावा.

दांड्याचा बाहेर राहिलेला भाग आधी स्वच्छ करावा. त्यावर बार्नॅकलची (चिकटून वाढणाऱ्या समुद्री जीवांची) कवचे असतील तर ती प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढावीत, कारण ही कवचे तशीच राहिली आणि दांडा आत गेला तर तोंडाशी असलेले वायपर सील (दांडा पुसणारे रबरी कडे) क्षणात कापले जाते. नंतर सिलिंडर व्हाइसमध्ये त्याच्या खालच्या कडीला धरून बांधावा, नळकांड्याला धरून नव्हे. नळकांडे किंचितही लंबगोल झाले तर नवी सीलही ते कधीच बंद करू शकत नाहीत.

दोन्ही तोंडांतून झिरपणारे तेल भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर बरेच पिस्टन रबरी हातोड्याच्या ठोक्याने आत सरकतात. अडकलेला पिस्टन आधी आत ढकलून पाहावा. जागचा हलला की बाहेर येणे सोपे जाते. तोही उपाय हरला तर ग्रीस गन कामी येते. दांड्याच्या विरुद्ध बाजूच्या तोंडात योग्य आट्यांचा निपल बसवावा, आतली सगळी हवा काढून ती बाजू तेलाने काठोकाठ भरावी, दांड्याच्या बाजूचे तोंड फडके धरून उघडे ठेवावे आणि गन सावकाश दाबावी. ४० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० बार दाब म्हणजे साडेबारा हजार न्यूटनांहून अधिक, म्हणजे जवळजवळ पावणेतेराशे किलो वजनाचा जोर होय, आणि हाताची ग्रीस गन याहून कितीतरी जास्त दाब देऊ शकते. म्हणून मोजून दाबावे, दोन-चार दाबांनंतर थांबावे, नळकांड्यावर हलके ठोके द्यावेत आणि पुन्हा दाबावे. दाब दांड्याच्या बाजूने देण्यात फारसा अर्थ नसतो, कारण इंजिन पाण्यातल्या ओंडक्यावर आदळले तर धक्का सोसावा म्हणून पिस्टनमध्ये बसवलेले लहान व्हॉल्व्ह त्याच बाजूच्या दाबाने उघडतात आणि तेल नुसते पलीकडे निघून जाते.

हेच काम कॉम्प्रेसरच्या हवेने करू नये. तेल दाबले जात नाही, म्हणून पिस्टन सुटताच दाब शून्यावर येतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी आकुंचन पावून बसते आणि पिस्टन सुटला की त्याला गोळीसारखा बाहेर फेकते. समोर उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्याइतका वेळ मिळत नाही.

ग्लँडची टोपी

या कामातील सर्वाधिक मोडतोड दांडा जिच्यातून बाहेर येतो त्या टोपीपाशी (ग्लँडपाशी) होते, असे माझे मत आहे. ही टोपी आतून आट्यांवर बसलेली असते आणि तिच्या कपाळावर दोन किंवा चार भोके असतात, ज्यांत पिनांचा पाना बसतो. काही सिलिंडरांत आटे नसतात आणि टोपी सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कड्याने) धरलेली असते, म्हणून आधी कडेची घाण काढून नीट पाहावे. मी एकदा पाना शोधण्याचा कंटाळा करून भोकात सुंभा ठेवला आणि हातोडीने टोपी फिरवू पाहिली. पहिल्या दोन ठोक्यांत ती हलल्यासारखी वाटली, तिसऱ्याला भोकाची कड तुटली आणि अर्ध्या तासाचे काम चार दिवसांवर गेले. ती टोपी शेवटी छिद्रे पाडून, तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागली.

योग्य रीत अशी. भोकांत साचलेली भुकटी त्याच मापाचा ड्रिल बिट हाताने फिरवून तळापर्यंत काढावी, म्हणजे पान्याच्या पिना पूर्ण खोल बसतील. पिना भोकाच्या मापाच्या आणि कठीण पोलादाच्या हव्यात. बाजारू पाना सैल पडत असेल तर जाड पोलादी पट्टीला दोन उच्च ताकदीचे बोल्ट वेल्ड करून स्वतःचा पाना बनवणे फायद्याचे ठरते. सिलिंडर रिकामा आणि दोन्ही तोंडे उघडी आहेत याची खात्री करून टोपीभोवतीचे नळकांडे तापवावे. एका माणसाने पाना टोपीवर सर्व वजनाने दाबून धरावा आणि दुसऱ्याने लांब दांड्याने तो ओढावा, कारण पाना निसटतो तो ताकद कमी पडल्यामुळे नव्हे तर वरून दाब नसल्यामुळे. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असा आळीपाळीने जोर द्यावा. एखादा ‘टक’ आवाज आला की तेथे थांबून तेल सोडावे. त्याच ओढीत पूर्ण उघडण्याचा मोह टाळावा, नाहीतर आट्यांत अडकलेली भुकटी आटेच खरवडून आणते.

आतले भाग उघडताना खाली परात ठेवावी, कारण धक्का सोसणाऱ्या व्हॉल्व्हच्या बारीक गोळ्या आणि स्प्रिंगा सुटून पडतात. त्या मोजाव्यात आणि क्रमाने कापडावर मांडाव्यात.

सफाई

जुने तेल ताकासारखे पांढुरके निघाले तर पाणी आत शिरत होते, हे निश्चित. अशा वेळी पंप, टाकी आणि नळ्याही धुतल्याशिवाय नवे तेल भरू नये. धातूच्या भागांवरचा गाळ रॉकेलने किंवा डिझेलने निघतो. त्यानंतर तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावे, सुताचा बोळा वापरू नये, त्याचे धागे व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसतात. अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा घालू नये, तो धातूच विरघळवतो आणि ज्वलनशील हायड्रोजन सोडतो. हायड्रोक्लोरिक आम्लही दूर ठेवावे. ते अ‍ॅल्युमिनियम खाते आणि स्टेनलेस स्टीलवर खड्डे पाडते. पोलादी तारेचा ब्रश अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडाचे कण सोडतो आणि त्या जागी पुढे डाग पडतात, म्हणून नायलॉन किंवा पितळेचा ब्रश बरा.

दांड्यावरून नख फिरवावे. नख अडकेल असा खड्डा सीलच्या वाटेत असेल तर दांडा बदलणे किंवा पुन्हा क्रोम करून घेणे हाच टिकाऊ मार्ग आहे. एपॉक्सी भरून भागवणे ही सोय आहे, दुरुस्ती नव्हे. नख अडकत नसेल तर ६०० पासून सुरुवात करून १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, दांड्याभोवती गोलाकार घासावे. लांबीच्या दिशेने मुळीच घासू नये. उभा ओरखडा म्हणजे सीलखालून बाहेर जाणारी तेलाची नाली असते. नळकांड्याच्या आतील भिंतीवर अ‍ॅनोडायझिंगचा थर असेल तर होनिंग (घासदगडाने आतून घासणे) करू नये, कारण तो थर गेला की उघडे अ‍ॅल्युमिनियम पुन्हा झिजू लागते.

नवी सील बसवूनही गळती थांबली नाही, अशी तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी टोपीवरचा बाहेरचा ओ-रिंगचा (गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्याचा) खाचा पाहावा. ओ-रिंगखाली भुकटीचा पातळ, कडक थर साचलेला असतो, त्याचा रंग धातूसारखाच असल्यामुळे तो दिसत नाही, आणि त्याने वर उचललेली नवी ओ-रिंग टोपी बसवताना कापली जाते. खाच्याच्या तळाशी टोकदार केलेली पितळी किंवा बांबूची काडी फिरवली की तो थर पापुद्र्यासारखा निघतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून खाच्याला ओरखडे पाडू नयेत.

जोडणी

सील संच इंजिनाच्या मॉडेलप्रमाणे घ्यावा. सुटी ओ-रिंग घ्यायची झाल्यास जुन्या ओ-रिंगचे माप घेऊ नये, ती तेलाने फुगलेली किंवा दबून चपटी झालेली असते. माप खाच्याचे घ्यावे. सर्व रबर नव्या तेलात बुडवून बसवावे, वायपर सीलची धार बाहेरच्या बाजूला ठेवावी आणि टोपी आट्यांवरून सरकवताना आट्यांवर पातळ टेप गुंडाळावा. तेल उत्पादकाने सांगितलेलेच घालावे. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांना स्वयंचलित गिअरचे तेल चालते, काहींना वेगळे लागते. ब्रेक ऑइल मात्र येथे चालत नाही, खनिज तेलासाठी बनवलेली नायट्राइल रबराची सील ते खराब करते.

पिनांना आणि टोपीच्या आट्यांना पाण्यात न धुतले जाणारे मरिन ग्रीस भरपूर लावावे. तांब्याची पेस्ट लावू नये, कारण तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या झिजेला आणखी जोर देते. पकडीवरील, इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या धातूचा अ‍ॅनोड अर्धा झिजला असेल तर याच वेळी बदलावा आणि त्यावर रंग मारू नये. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा आणि दोन्हीकडे जाणाऱ्या बोटीला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा अ‍ॅनोड योग्य.

तेल भरून, रिलीज व्हॉल्व्ह घट्ट करून इंजिन पूर्ण वर आणि पूर्ण खाली असे पाच-सहा वेळा न्यावे, मध्ये काही मिनिटे थांबून हवेचे बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि पातळी पुन्हा भरावी. आउटबोर्डमध्ये पातळी बहुधा इंजिन पूर्ण वर असताना पाहतात. खाली असताना झाकण उघडले तर दांड्यांनी सारलेले तेल अंगावर उडते.

शेवटी इंजिन अर्ध्या उंचीवर ठेवावे, दांडा ज्या ठिकाणी टोपीतून बाहेर येतो तेथे पेनाने बारीक खूण करावी आणि रात्रभर तसेच सोडावे. सकाळी खूण जागच्या जागी असेल तर काम झाले. खूण आत गेली आणि दांड्यावर तेलाचे कडे दिसले तर टोपीची सील पुन्हा पाहावी. खूण आत गेली, पण बाहेर एक थेंबही नाही, असे आढळले तर तेल आतल्या आत पलीकडे जात आहे. प्रथम रिलीज व्हॉल्व्हची ओ-रिंग, मग पंपाचे व्हॉल्व्ह आणि त्यानंतरच पिस्टनची सील, या क्रमाने शोध घ्यावा, कारण पहिल्या दोन्हींसाठी सिलिंडर पुन्हा उघडावा लागत नाही.